घोड्याला म्होरका पाय बदलायला कसं शिकवाल?

इंदूरहून एका आईनं लिहिलंय: "माझी मुलगी बारा वर्षांची आहे. दोन वर्षं घोडेस्वारी शिकते. तिचा घोडा डाव्या वळणावर छान कॅंटर करतो, उजव्या वळणावर मात्र चुकीच्या पायावर धावतो. धावता धावता पाय बदलायला सांगितलं की मान वर करून पळत सुटतो. शिकवणारे म्हणतात, चाबूक वापर, घोडा माजलाय. मुलीला ते करवत नाही. काय करावं?"

ताई, मुलीला ते करवत नाही, हे चांगलंच आहे. या आठवड्याचं सदर तिच्यासाठीच. ज्यांच्या घरी कुणी घोड्यावर बसत नाही त्यांनीही वाचा. घोडा पाय कसा बदलतो हे एकदा कळलं की मिरवणुकीतला घोडाही तुम्ही वेगळ्या नजरेनं बघाल.

आधी पाय ओळखा

घोड्याची साधी चाल चार ठोक्यांची असते, दुडकी म्हणजे ट्रॉट दोन ठोक्यांची, आणि कॅंटर तीन ठोक्यांचा. डाव्या वळणावर नीट धावणाऱ्या घोड्याचे पाय असे पडतात: पहिल्या ठोक्याला मागचा उजवा. दुसऱ्याला मागचा डावा आणि पुढचा उजवा, दोन्ही एकदम. तिसऱ्याला पुढचा डावा. मग क्षणभर चारही पाय हवेत, आणि पुन्हा पहिला ठोका. तिसऱ्या ठोक्याला पडणारा पुढचा पाय इतरांपेक्षा जास्त पुढे जातो. तो म्होरका पाय. रायडिंगच्या भाषेत त्याला लीड म्हणतात. पुढचा डावा म्होरका असेल तर डावी लीड, उजवा असेल तर उजवी.

घरातल्या मोकळ्या जागेत एक प्रयोग करून बघा. लहान मुलं घोडा-घोडा खेळताना एक पाय कायम पुढे ठेवून दुडदुडतात ना, तसं डावा पाय पुढे ठेवून गोल फिरा. डावीकडे वळणं सोपं जाईल, उजवीकडे वळताना पाय पायात येतील. आता न थांबता उजवा पाय पुढे आणा. मध्ये एक छोटी उडी तुम्ही आपोआप घेतली असेल. घोडाही हेच करतो. चारही पाय हवेत असतात त्या क्षणात तो पायांचा क्रम बदलतो. याला फ्लाइंग चेंज म्हणतात.

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात चांदोबाचा लिंब इथे उभं रिंगण होतं आणि पुरंदवड्याला गोल. पुढच्या वेळी गोल रिंगणाचा व्हिडिओ पाहताना अश्वाचे पुढचे पाय बघा. रिंगणाच्या आतल्या बाजूचा पाय पुढे पडत असेल तर घोडा तोल सांभाळून धावतोय.

खोगिरावर बसून हे ओळखायला खाली वाकू नका. नजर जरा खाली न्या आणि घोड्याचे खांदे बघा. जो खांदा जास्त पुढे जातो, त्या बाजूची लीड. सराव झाला की बघावंही लागत नाही. त्या बाजूचं आपलं कंबरेचं हाड पुढे ढकललं जातंय, हे बसल्या बसल्या कळतं.

घोड्याला हे येतच असतं

कुरणात मोकळं सोडलेलं शिंगरू आईभोवती उंडारताना दहा वेळा पाय बदलतं. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. मग आपण काय शिकवतो? दोनच गोष्टी. पाठीवर माणसाचं ओझं असताना तोल राखून पाय बदलणं, आणि आपण सांगू तेव्हा बदलणं. म्हणून घोडा पाय बदलत नसेल तर "ऐकत का नाही?" हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं: "याला जमत का नाहीये?"

माणसांसारखीच घोड्यांचीही एक बाजू सरस असते. एका बाजूला अंग सहज वळतं, दुसऱ्या बाजूला ताठ राहतं. तेवढंच कारण असेल तर व्यायामानं फरक पडतो. पण एकच लीड सतत चुकत असेल, आणि विशेषतः पूर्वी येत होती ती आता येत नसेल, तर दुखणं शोधा. पशुवैद्याकडून पाठ, मागचे सांधे आणि दात तपासून घ्या. नालबंदाला खूर दाखवा. खोगीर पाठीला रुततंय का, एका बाजूला सरकतंय का, ते बघा. मान वर करून पळणारा घोडा बऱ्याचदा लगामाच्या किंवा पाठीच्या दुखण्यापासून पळत असतो. त्याला चाबूक मारला तर तो एकच धडा शिकतो: पाय बदलायची वेळ आली की मार बसतो. मग ती वेळ आली की तो आधीच उधळणार, आणि पाठीवर बारा वर्षांची मुलगी असणार.

पायरी पहिली: दोन्ही बाजूंना स्वच्छ सुरुवात

धावता धावता पाय बदलण्याचं काही आठवडे विसरून जा. आधी घोड्यानं दोन्ही लीड मागितल्याबरोबर दिल्या पाहिजेत. सुरुवात २० मीटरच्या वर्तुळावर करा. उजवी लीड हवी असेल तर उजवीकडे वर्तुळ घ्या. घोडा किंचित आत वळलेला असू द्या, इतकाच की आतल्या डोळ्याची कड दिसावी. आतला पाय तंगाजवळ, बाहेरचा पाय वीतभर मागे. बाहेरचा लगाम स्थिर, आतला मऊ. वजन आतल्या बैठकीवर हलकंच. आता बाहेरच्या पायानं सांगा.

बाहेरच्याच का? कॅंटरचा पहिला ठोका मागच्या बाहेरच्या पायाचा असतो. आपण त्या पायाला सांगतोय, "चल, तू सुरू कर."

लीड चुकली तर ओरडू नका, लगाम खेचू नका. शांतपणे दुडकीवर या, वर्तुळ नीट करा, पुन्हा सांगा. कोपऱ्यातून बाहेर पडता पडता सांगितलं तर घोड्याला बरोबर लीड घेणं सोपं जातं, कारण अंग आधीच वळलेलं असतं. दुडकीवरून जमायला लागलं की साध्या चालीवरून थेट कॅंटर मागा.

मारवाडी किंवा काठेवाडी घोडा असेल आणि तो रेवाल चालीवर वाढलेला असेल, तर या पायरीवर जास्त थांबा. रेवाल चालीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मोठा मान आहे, पण तिचे ठोके वेगळे असतात. अशा घोड्याला आधी स्वच्छ तीन ठोके सापडू द्यावे लागतात.

पायरी दुसरी: मध्ये थांबून बदल

आता इंग्रजी आठाचा आकडा काढा. एक वर्तुळ डाव्या लीडवर, दुसरं उजव्या. मध्यभागी आलात की दुडकीवर या, घोडा सरळ करा, नवीन बाजूला किंचित वळवा आणि नवी लीड मागा. आधी मधल्या दुडकीची सात-आठ पावलं लागतील. हळूहळू तीनवर आणा.

पुढचा टप्पा कॅंटरवरून थेट साध्या चालीवर येण्याचा. तीन ते पाच स्पष्ट पावलं, आणि तिथून थेट दुसऱ्या लीडवर कॅंटर. याला सिंपल चेंज म्हणतात. नाव सिंपल असलं तरी काम सोपं नाही. वेगातून थांबताना घोड्याला मागच्या पायांवर बसावं लागतं. तेच बळ पुढे हवेत पाय बदलायला लागणार आहे. हा टप्पा घाईनं उरकला तर पुढचं सगळं डळमळीत होतं.

पायरी तिसरी: उलट्या लीडवर वळण

आतापर्यंत वळणानुसार लीड घेतली. आता मुद्दाम उलट करा. उजव्या लीडवर धावताना मैदानाच्या लांब बाजूनं एक उथळ वळसा घ्या आणि परत कडेला या. वळशाच्या मधल्या भागात घोडा डावीकडे वळत असेल, लीड मात्र उजवीच. याला काउंटर कॅंटर म्हणतात. वळशाची खोली दिवसागणिक थोडी वाढवा.

यानं तोल सुधारतो, आणि त्याहून मोलाची एक गोष्ट घोडा शिकतो: वळण आलं म्हणून आपण होऊन पाय बदलायचा नाही, स्वार सांगेपर्यंत थांबायचं. मात्र या काळात त्यानं चुकून पाय बदलला तर शिक्षा करू नका. आज ज्यासाठी माराल, तेच महिन्याभरानं मागायचं आहे.

पायरी चौथी: हवेतला बदल

तयारी झाली हे कसं ओळखाल? सिंपल चेंज दोन्ही बाजूंना शांतपणे होतात. काउंटर कॅंटरमध्ये घोडा घाई करत नाही. लगाम न ओढता कॅंटर लहान-मोठा करता येतो. या तिन्ही गोष्टी असतील तरच पुढे जा.

जागा निवडताना घोड्याला मदत होईल अशी निवडा. एक सोपी पद्धत: मैदानाच्या एका टोकाला अर्धवर्तुळ घ्या, तिरपे कडेकडे या आणि कडेला पोचता पोचता बदल मागा. समोर कोपरा दिसत असतो, तिथे नवी लीड लागणार हे घोड्यालाही कळतं.

क्रम असा. दोन-तीन ढांगा घोडा अगदी सरळ ठेवा. पाठ ताठ करून, लगाम क्षणभर मुठीत धरून त्याला सावरा आणि लगेच सैल सोडा. यालाच हाफ हॉल्ट म्हणतात. मग आपल्या पायांची अदलाबदल करा: मागे असलेला पाय तंगाजवळ आणि तंगाजवळचा मागे. हे तिसऱ्या ठोक्याला, म्हणजे म्होरका पाय जमिनीवर असताना सांगायचं. पुढचाच क्षण अधांतरी असतो, आणि निरोप त्याच्या आधी पोचला पाहिजे. चारही पाय हवेत गेल्यावर सांगितलं तर एक ढांग उशीर झालेला असतो.

सांगताना वजन धाडकन दुसऱ्या बाजूला टाकू नका. स्वार डोलला की घोडा लडखडतो. वर, समोर बघा.

एकदा जमलं की मान थोपटा, लगाम सैल सोडा आणि त्या दिवसापुरतं थांबा. "आणखी एकदा बघू" या मोहात बरीच मेहनत वाया जाते.

अडलं तर

पुढचे पाय बदलले, मागचे राहिले. खोगिरावर बसल्या बसल्या खडबडीत रस्त्यावरच्या बैलगाडीसारखे हिसके बसले तर समजा, असंच झालंय. तसंच पळवत राहू नका. दुडकीवर या, नव्यानं लीड घ्या. बदल मागच्या पायांपासून सुरू व्हायला हवा. मागचे पाय सतत उशिरा येत असतील तर दुसऱ्या पायरीवर परत जा.

बदलानंतर पळत सुटतो. बदलाच्या जागी काही दिवस बदल मागूच नका. तिथे येऊन साध्या चालीवर या, थांबा, थोपटा. ती जागा घाबरायची नाही, हे त्याला पुन्हा शिकू द्या.

एकाच बाजूला जमतं. बहुतेकांचं हेच असतं. अवघड बाजूची लीड, वर्तुळं आणि काउंटर कॅंटर यांवर काम करा, बदल मात्र कमीच मागा.

आणि हेल्मेट, टाचेचे बूट आणि मैदानात उभा असलेला जाणता माणूस, या तिन्हींशिवाय यातली एकही पायरी नको.

घाई कुणाला?

२०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारतानं ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीत १९८२ च्या दिल्ली एशियाडनंतर हे आपलं पहिलं सुवर्ण. त्या चौघांत कोलकात्याचा अनुष अगरवाला, जयपूरची दिव्यकृती सिंग, मुंबईचा हृदय छेडा आणि तुमच्याच इंदूरची सुदीप्ती हजेला. अनुषनं वैयक्तिक कांस्यही मिळवलं. या खेळाच्या सर्वांत वरच्या, ग्रां प्री पातळीवर घोडा दर दुसऱ्या ढांगेला पाय बदलत नऊ बदल करतो आणि दर ढांगेला सलग पंधरा. पाहताना वाटतं, घोडा टिपरीवर नाचतोय. पण तिथवर जाणारा प्रत्येक घोडा आधी एका शांत, नीट जमलेल्या बदलावरून पुढे गेलेला असतो.

सुमारे २,४०० वर्षांपूर्वी ग्रीक सेनानी झेनोफोननं घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. दौड कुठल्या पायावर सुरू करावी, याचा विचार त्यातही आहे. घोड्याकडून जबरदस्तीनं करून घेतलेली गोष्ट देखणी होत नाही, हेही त्यानं सांगून ठेवलंय.

तेव्हा ताई, या आठवड्यात पशुवैद्य आणि नालबंद यांना बोलवा, खोगीर तपासा. शिकवणाऱ्यांना स्पष्ट सांगा की तपासणी होईपर्यंत कॅंटर बंद, चाबूक तर नाहीच. सगळं ठीक निघालं तर पहिल्या पायरीपासून सुरुवात करा. काही महिने लागतील. मुलीला सांगा, घोड्याला बोलता येत नाही, म्हणून त्याचा "नाही" ओळखणं हा घोडेस्वारीचाच भाग आहे. तो तिला न शिकवता येतोय.