डिस्क धडधाकट, प्लेअर थकलेला

पैसे मोजून घेतलेली, नीट जपलेली डिस्क घरात आहे, पण ती वाजवणारं यंत्र बंद पडलंय आणि तिची प्रत काढायलाही वाट ठेवलेली नाही, हा व्यवहार मला पटत नाही. मी बोलतोय ते सुपर ऑडिओ सीडीबद्दल, म्हणजे एसएसीडीबद्दल. सोनी आणि फिलिप्स यांनी 1999 साली ती बाजारात आणली. साध्या सीडीपेक्षा कितीतरी बारकाईनं ध्वनी साठवणारी डिस्क, असा तिचा बोलबाला होता. आपल्याकडे ती फारशी रुजली नाही. ज्यांनी हौसेनं प्लेअर आणि डिस्का जमवल्या, त्यांची यंत्रं आता वीस-वीस वर्षांची झाली आहेत. त्यातलं एक पुण्यातल्या खडकीत, माझ्या घरात आहे.

माझी नोकरी खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत गेली, गेज तपासण्यात. 1869 सालची फॅक्टरी. 2021 मध्ये ती सरकारी खात्यातून कंपनीत गेली, पण खडकीत तिला अजून फॅक्टरीच म्हणतात. मिलिमीटरचा शंभरावा भाग हाताळत आयुष्य काढलेल्या माणसाला या डिस्कची रचना वाचून मौज वाटली. साध्या सीडीवर शेजारशेजारच्या वळशांत 1.6 मायक्रॉनचं अंतर असतं, एसएसीडीवर ते 0.74. सीडीची सगळ्यांत छोटी खाच 0.83 मायक्रॉन, इथे 0.40. एवढं बारीक काम आम्ही फॅक्टरीत कधी केलं नाही.

सुरुवातीच्या बऱ्याच डिस्का एकाच थराच्या होत्या, त्या साध्या सीडी प्लेअरवर वाजतच नसत. मग हायब्रिड डिस्क रुळली, आणि माझ्या मते ती या सगळ्या प्रकारातली खरी हुशारी. लेझरच्या बाजूनं 0.6 मिलिमीटरवर बारीक नोंदीचा थर आणि 1.2 मिलिमीटरवर, लेबलच्या लगेच खाली, नेहमीचा सीडीचा थर. सीडीचा लेझर 780 नॅनोमीटरचा, अवरक्त. तो पहिल्या थरातून आरपार जाऊन मागचा थर वाचतो. एसएसीडीचा 650 नॅनोमीटरचा लाल लेझर पहिल्याच थरावर थांबतो आणि त्यातला थोडासाच प्रकाश परत येतो. हा थोडासा प्रकाश लक्षात ठेवा, म्हातारपणी सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं.

नवा प्लेअर तेवढ्या प्रकाशावर आरामात चालतो. वर्षं सरतात तसा लेझरचा डायोड मंदावतो, भिंगावर धूळ आणि धुराचा पापुद्रा चढतो, ज्या दांड्यावर लेझर पुढेमागे सरकतो तिथलं ग्रीस घट्ट होतं, ट्रेचा रबरी पट्टा कडक होतो. मुळा नदीजवळच्या आमच्या वस्तीत पावसाळ्याची ओल आणि उन्हाळ्याची धूळ, दोन्ही भरपूर. मग साध्या सीड्या छान वाजतात, पण हायब्रिड डिस्क घातली की यंत्र बराच वेळ घरघरतं आणि पडद्यावर ‘नो डिस्क’ लिहून मोकळं होतं. कारण ते आधी एसएसीडीचा थर शोधतं. तो सापडला नाही की कित्येक यंत्रं मागच्या थराकडे वळण्याचे कष्टही घेत नाहीत. कधी उलटंही होतं: अवरक्त डायोड आधी जातो, मग एसएसीडी वाजते आणि साधी सीडी नाही.

यावर इलाज आहेत. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं भिंग अलगद पुसणं, जुनं ग्रीस काढून नवं लावणं, पट्टा बदलणं, इतकं घरी जमतं. मेनूत ‘सीडी थर वाचा’ असा पर्याय असेल तर तो निवडावा, निदान गाणं तरी ऐकू येतं. त्यापुढचं काम मेकॅनिकचं. आमच्या इथल्या मुलानं प्लेअर उघडला आणि म्हणाला, “काका, लेन्स थकलीय. पॉट थोडा फिरवतो, वाजेल.”

“किती दिवस?”

“वाजेल तेवढे दिवस.”

पॉट फिरवणं म्हणजे लेझरचा करंट वाढवणं. डिस्क पुन्हा वाजते, पण डायोड लवकर जळतो. मी नको म्हटलं. तापकीर गल्लीत डीव्हीडी प्लेअरच्या लेन्सा ढिगानं मिळतात, माझ्या प्लेअरची मिळत नाही. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी एखादा मेलेला प्लेअर दिसतो, पण त्याची लेन्स आपल्याइतकीच थकलेली निघण्याचा संभव अधिक. ग्राहक व्यवहार खात्यानं 2022 च्या डिसेंबरात ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं, चांगलं केलं. बंद झालेल्या मॉडेलचा सुटा भाग त्यानं कसा मिळणार, हा प्रश्न तसाच आहे.

इथे कुणी म्हणेल, एवढा आटापिटा कशाला, कानाला फरक तरी कळतो का? प्रश्न रास्त आहे. मेयर आणि मोरान या दोघांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओचा ध्वनी, आणि तोच ध्वनी सीडीच्या मापात उतरवून, ऐकणाऱ्यांना आलटून पालटून ऐकवला. 554 वेळांपैकी 276 वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. पण त्यांनीच हेही नोंदवलं की यातल्या बऱ्याच डिस्का ऐकायला खरोखर सरस होत्या, कारण त्या मन लावून तयार केल्या होत्या. मलाही हेच पटतं. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांची ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ माझ्याकडे हायब्रिड डिस्कवर आहे. 1993 चा अल्बम, पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालेला. मोहन वीणेच्या मींडेचं शेवटचं टोक त्यात जसं विरत जातं ते सीडीच्या थरावरही सुरेख ऐकू येतं. शिवाय एसएसीडीचा आणि सीडीचा थर एकाच हातानं, एकाच पद्धतीनं तयार केलेला असेलच असं नाही. म्हणून दोन्ही जपायला हवेत.

आणि नेमकं तिथेच घोडं अडतं. सीडीच्या थराला कुलूप नाही, कुठल्याही जुन्या संगणकावर त्याची प्रत होते. एसएसीडीच्या थराला मात्र कंपन्यांनी कडेकोट कुलूप घातलं. संगणकाचा ड्राइव्ह तो वाचत नाही. सुरुवातीच्या प्लेस्टेशन 3 वर आणि काही जुन्या प्लेअरवर हौशी लोकांनी वाट काढली, पण ती यंत्रंही आता म्हातारी झाली. म्हणजे जो थर ‘कनिष्ठ’ म्हणून विकला तो टिकणार आणि ‘श्रेष्ठ’ म्हणून जास्त पैसे घेतलेला थर शेवटच्या लेझरबरोबर जाणार.

आपला कॉपीराइट कायदा याबाबत काय म्हणतो ते मी वाचून काढलं. ध्वनिमुद्रणाचं संरक्षण 60 वर्षांचं. 1999 साली निघालेली डिस्क 2059 अखेरपर्यंत बांधलेली. तोवर खडकीत तर सोडाच, जगात तरी हा प्लेअर चालू असेल का? स्वतःपुरता वापर कायद्याला चालतो. कुलूप तोडण्याबद्दलचं 65-अ कलमही हेतू चोरीचा असेल तरच शिक्षा सांगतं. पण दुसऱ्याला त्या कामात मदत करणाऱ्यानं त्या माणसाचं नाव, पत्ता, सगळा तपशील नोंदवून ठेवावा, अशी अट त्यात आहे. आमचा मेकॅनिक मुलगा बिलही देत नाही, तो रजिस्टर काय ठेवणार!

खरी अडचण ग्रंथालयांची. कलम 52 मधली एक सवलत ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत करू देते, पण त्यांच्याकडची मूळ प्रत डिजिटल नसेल तरच. एखाद्या वाचनालयाकडे पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसच्या कॅसेटी असतील तर त्या या सवलतीत बसतात. 78 च्या तबकड्याही बसतात. एसएसीडी बसत नाही, साधी सीडीसुद्धा नाही. डिजिटल वस्तू कायमची टिकते, असा कायदा करणाऱ्यांचा समज असावा. त्यांनी माझ्या प्लेअरचा पडदा एकदा बघावा.

गायक भास्करबुवा बखल्यांचं ध्वनिमुद्रण नाही याची हळहळ पुण्यात शंभर वर्षं चालू आहे. तेव्हा यंत्र होतं, मुद्रण झालं नाही. आता मुद्रण आहे आणि यंत्र जातंय, हे तरी थांबवता येण्यासारखं आहे. कायद्यातली ही मूळ प्रतीची अट संसदेनं काढून टाकावी, आणि ज्या डिस्कचा प्लेअर मिळणं अवघड झालंय तिचं कुलूप जतनासाठी उघडायला ग्रंथालयांना आणि संग्राहकांना मोकळीक द्यावी. आपापल्या खासदारांना तसं पत्र लिहा. तोवर तुमच्याकडे असा प्लेअर असेल तर तो आठवड्यातून एकदा चालवा, झाकून ठेवा, आणि पॉट कुणालाही फिरवू देऊ नका.