रोजखर्चाचे दान

मुंबईचे जे. जे. रुग्णालय 1845 साली सुरू झाले. त्यासाठी सर जमशेटजी जीजीभाई यांनी एक लक्ष रुपये दिले होते, आणि त्या काळी लक्ष रुपयांचे मोल काय होते याची ज्याला कल्पना आहे, तो आजही त्या नावापुढे आदराने मान लववील. परंतु त्या रुग्णालयाच्या इतिहासातील ज्या दानाचा मला वारंवार विचार करावासा वाटतो, ते त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, 1954 च्या सुमारास घडले. आणि ते देणारा मनुष्य अंगावर चिंध्या पांघरून, हाती खराटा घेऊन गावोगाव कीर्तने करीत हिंडत असे. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारणाऱ्या गाडगेबाबांनी जे. जे. मधील रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही धर्मशाळा बांधली. देवाच्या दारी आलेला वारकरी आणि रुग्णालयाच्या दारी बसलेला खेडूत यांना त्यांनी एकाच पंक्तीत धरले, आणि लोकवर्गणीतून मिळालेला पैसा दोघांच्याही निवाऱ्यासाठी खर्च केला.

या कृतीमागे जे निरीक्षण होते ते मला फार मोलाचे वाटते. रुग्णालय रुग्णाला खाट देते, औषध देते, शस्त्रक्रियाही करते. परंतु सोलापूर किंवा बीड जिल्ह्यातील एखाद्या वाडीवरून जो रुग्ण येतो तो एकटा येत नाही, त्याच्याबरोबर म्हातारी आई येते, शेतावरचे काम टाकून भाऊ येतो, अंगावर पिणारे मूल कडेवर घेऊन बायको येते, आणि या माणसांनी रात्र कोठे काढावी, भाकरी कोठे भाजावी, आंघोळ कोठे करावी, याची तरतूद रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात नसते. जवळचे पैसे चार-आठ दिवसांत संपतात. आणि मग उपचार अर्धा टाकून घरी परतण्याचा निर्णय घेतला जातो, ज्याची नोंद रुग्णालयाच्या दप्तरात ‘स्वेच्छेने गेला’ एवढ्या कोरड्या शब्दांत होते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाभोवती पदपथावर बिहार-बंगालपासून आलेली कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना निराळे सांगावयास नको. दादरला याच गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आजही कर्करुग्णांना आसरा देते.

थोर दात्यांचे ऋण मी कमी लेखीत नाही. पुण्याचे ससून रुग्णालय 1867 साली डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिले आणि अर्ध्या महाराष्ट्राचा दवाखाना झाले. मुंबईत 1926 साली के. ई. एम. रुग्णालय आणि त्याला जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या संपत्तीच्या विश्वस्तांनी देणगीबरोबर अट घातली की, तेथे अध्यापक म्हणून केवळ हिंदी डॉक्टरच नेमले जावेत. परकीय अमलात, मोठ्या पदांवर इंग्रजच बसावयाचे या शिरस्त्याच्या काळात, पैशाच्या बळावर देशी विद्वत्तेला दार उघडून देणारी ही अट म्हणजे दात्याच्या दूरदृष्टीचा उत्कृष्ट नमुना होय. टाटा स्मारक रुग्णालय सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीने 1941 च्या फेब्रुवारीत उघडले. पुढे 1957 साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि 1962 साली अणुऊर्जा खात्याकडे गेले. दात्याने आरंभ करावा, आणि ज्याचा भार पिढ्यान्‌पिढ्या वाहावा लागतो तो खर्च सरकारने उचलावा, ही ती वहिवाट होती, व ती योग्यच होती.

मात्र या थोरांचे अनुकरण करताना आपण त्यांच्या कार्यातील जेवढे डोळ्यांना दिसते तेवढेच उचलले आहे. आज एखाद्या जिल्ह्याच्या गावी धर्मादाय रुग्णालयासाठी देणगी मागावयास गेलेल्या कार्यकर्त्याचा अनुभव विचारून पाहावा. खोलीसाठी पैसे मिळतात, कारण खोलीच्या दारावर आईवडिलांचे नाव लागते. यंत्रासाठीही मिळतात, कारण यंत्राचे उद्घाटन होते आणि छायाचित्र छापून येते. परंतु त्याच यंत्राच्या वार्षिक देखभालीच्या कराराचे पैसे, त्यावर काम करणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार, विजेचे देयक, रात्रपाळीच्या परिचारिकेचे वेतन, चादरी धुण्याचा खर्च, यांसाठी हात आखडतो. माझ्या परिचयाच्या एका तालुक्याच्या गावी एका सद्गृहस्थाने वडिलांच्या स्मरणार्थ रुग्णवाहिका दिली; समारंभ झाला, हार घातले गेले, नारळ फुटला; आणि दोन पावसाळ्यांनंतर ती रुग्णवाहिका आवारातील चिंचेखाली उभी होती, विमा संपलेला, बॅटरी उतरलेली, टायरांना भेगा पडलेल्या, कारण चालकाचा पगार द्यावयाचा कोणी हे मुळात ठरलेच नव्हते. दात्याची भावना निर्मळ होती आणि संस्थेचे लोकही प्रामाणिक होते. ज्या विहिरीला दोर-बादली नाही ती विहीर जशी, तशी ती रुग्णवाहिका झाली होती.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, रुग्णसेवेसाठी ज्याला काही द्यावयाचे आहे त्याने ते रोजखर्चाला द्यावे, रुग्णालयाच्या आणि त्याहूनही रुग्णाच्या.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारार्ह आहे. आरोग्य ही सरकारची जबाबदारी असताना नागरिकांनी ती दानाने का भागवावी? मला हा आक्षेप मान्य आहे, इतका की, जिल्हा रुग्णालयातील रिकाम्या जागा देणगीतून भरण्याची सूचना कोणी केली तर मी तिला विरोध करीन. त्या जागा सरकारनेच भरल्या पाहिजेत. धर्मादाय म्हणून करांत आणि जमिनीत सवलती घेतलेल्या रुग्णालयांवरही कायद्याने बंधन आहे. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात, व देयकांच्या रकमेतील दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाचे असतात. या खाटा सहसा उत्पन्नाच्या पुराव्यावाचून मिळत नाहीत, आणि तसा दाखला कोठून आणावा, अर्ज कोणाकडे द्यावा, नकार मिळाल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार कशी करावी, हे ज्याला ठाऊक नाही असा मनुष्य हक्काच्या खाटेपासून वंचित राहतो. त्याच्याबरोबर तहसील कचेरीत जाणारा, अर्ज लिहून देणारा एखादा निवृत्त शिक्षक किंवा कारकून माझ्या मते मोठा दाता आहे, जरी त्याच्या खिशातून एक रुपयाही गेला नसला तरी.

महाराष्ट्रातील लहान शहरांत गेल्या काही दशकांत एक संस्था आपोआप रुजली आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही, ती म्हणजे रुग्णोपयोगी साहित्य केंद्र. कोठे वाचनालयाच्या मागच्या खोलीत, कोठे ज्येष्ठ नागरिक संघाच्या पडवीत, कोठे औषधाच्या दुकानाच्या माडीवर हे केंद्र असते. भिंतीला टेकून चाकांच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या आणि कमोडच्या खुर्च्या ठेवलेल्या असतात. कोपऱ्यात प्राणवायूचे यंत्र. फडताळावर घडी घालून ठेवलेल्या हवेच्या गाद्या. टेबलावर एक जाड वही असते आणि तीत नाव, पत्ता, वस्तू, नेल्याची तारीख, अनामत रक्कम आणि परत केल्याची तारीख असे रकाने आखलेले असतात. वस्तू परत आली की अनामत परत मिळते, आणि पुष्कळदा, रुग्ण गेल्यावर ती वस्तू पोचती करावयास आलेला मुलगा अनामत परत न घेता ‘केंद्रालाच ठेवा’ म्हणून सांगतो.

या साहित्यातील हवेच्या गादीचेच पाहा. अर्धांगवायूने खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला एकाच कुशीवर पडून शय्याव्रणे होतात; पाठीची, माकडहाडाची कातडी फुटते, जखम हाडापर्यंत जाते, आणि मूळ आजाराने नव्हे तर त्या जखमेतील विषाने माणूस दगावतो. हवेच्या गादीला जोडलेला लहानसा पंप तिच्यातील कप्पे आळीपाळीने फुगवतो व सोडतो, त्यामुळे शरीराच्या एकाच जागी सतत दाब राहत नाही. घरच्यांना दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलावी लागतेच, परंतु या गादीने मोठा आधार होतो. आता मौज नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की, नवी गादी देणारे भेटतात, पण पंपाची नळी फुटली, कुबडीच्या तळाचे रबरी बूच झिजले, खुर्चीचे चाक निखळले, म्हणजे त्या दुरुस्तीसाठी केंद्राच्या चालकाला स्वतःच्या निवृत्तिवेतनात हात घालावा लागतो. झिजलेल्या बुचाची कुबडी फरशीवरून सरकते, आणि एकदा मोडलेला पाय पुन्हा मोडतो.

रुग्णाच्या रोजखर्चाविषयी तर आपण फारच कमी बोलतो. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून दोनदा-तीनदा, दर वेळी सुमारे चार तास, रक्तशुद्धीसाठी यंत्राला जोडावे लागते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार विनामूल्य होतो, ही मोठीच सोय आहे. परंतु पाटणच्या डोंगरातून साताऱ्याला यावयाचे म्हणजे रुग्णाबरोबर एक धडधाकट माणूस हवा, त्याचे भाडे हवे, दोघांचे खाणे हवे, आणि त्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. हे वर्षानुवर्षे चालावयाचे असते. सरकारी व पालिका रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक नावाचा अधिकारी असतो. कोणता रुग्ण गाडीभाड्यावाचून यावयाचा थांबला आहे, कोणाला घरी जाताना औषधाचे पैसे नाहीत, हे त्याला नेमके ठाऊक असते. मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांत यासाठी पुअर बॉक्स फंड आहे. दात्याने प्रथम या अधिकाऱ्याला जाऊन भेटावे आणि ‘मला काय द्यावयाचे आहे’ हे सांगण्याऐवजी ‘या महिन्यात कशासाठी अडले आहे’ असे विचारावे.

आहाराचाही समावेश मी उपचारातच करतो, आणि त्याला शास्त्राचा भक्कम आधार आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांना तांदूळ, डाळ, दूध भुकटी, तेल आणि काही रुग्णांच्या घरच्यांनाही तांदूळ-डाळ असा शिधा देऊन एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. रुग्णांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसांकडे त्यात लक्ष ठेवण्यात आले होते, आणि ज्या घरांतील सर्वांना शिधा मिळाला तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे 39 टक्क्यांनी, तर फुफ्फुसाच्या, संसर्ग पसरविणाऱ्या क्षयाचे प्रमाण सुमारे 48 टक्क्यांनी कमी आढळले. डाळ-तांदळाने एवढे साधते, हे वाचून मी फार वेळ स्तब्ध झालो होतो.

2022 पासून ‘निक्षय मित्र’ म्हणून नाव नोंदवून कोणत्याही नागरिकाला क्षयरुग्णाच्या शिध्याचा भार उचलता येतो. जिल्हा क्षयरोग केंद्रात चौकशी करावी. मात्र एक गोष्ट ध्यानी ठेवावी. सर्वसाधारण क्षयाचा उपचार सहा महिने चालतो. पहिल्या दोन महिन्यांत खोकला थांबतो, ताप जातो, अंगात थोडे बळ येते. रुग्ण मजुरीला जाऊ लागतो, औषध सोडून देण्याचा मोह त्याला याच वेळी पडतो, आणि देणाऱ्याचा पहिला उत्साहही याच सुमारास ओसरू लागतो. तेव्हा ज्याला हे काम अंगावर घ्यावयाचे आहे त्याने पहिल्या महिन्याचा शिधा पोचविण्याआधीच उरलेल्या पाच महिन्यांच्या शिध्याचे पैसे बाजूला काढून ठेवावेत.