थांबताना मिळणारी वीज

सायकलला डायनामो लावण्याचे दिवस आता मागे पडले आहेत. पण ज्यांनी तशी सायकल चालवली असेल, त्यांना एक अनुभव नक्की आठवेल. डायनामोचे टोक टायरला टेकवले की पुढचा दिवा उजळे आणि त्याच क्षणी पायडल जड होई. दिव्याला लागणारी वीज फुकट मिळत नव्हती. ती पायांच्या श्रमांतून येत होती. पायडल मारणे थांबवले, तर तोच डायनामो सायकलीचा वेगही कमी करी. विजेवर चालणाऱ्या मोटारसायकलमधील ‘रिजनरेटिव्ह ब्रेकिंग’, म्हणजेच ऊर्जा परत मिळवणारा ब्रेक, समजून घेण्यासाठी एवढा अनुभव पुरेसा आहे.

हे समजून घेण्याची आज गरज आहे. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम या परिसरात असंख्य तरुण दुचाकीवर सामान पोहोचवून घर चालवतात. दिल्ली सरकारच्या 2023 च्या योजनेनुसार प्रवासी वाहतूक आणि घरपोच सेवा देणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या ताफ्यातील वाहने 1 एप्रिल 2030 पर्यंत विजेवर आणायची आहेत. म्हणजे यांपैकी अनेकांना आज ना उद्या विजेची दुचाकी घ्यावी लागेल. अशा वेळी एखादा विक्रेता सांगतो, “ब्रेक लावला की गाडी आपोआप चार्ज होते.” हे वाक्य खोटे नाही, पण ते अर्धेच खरे आहे. आणि अर्ध्या सत्याची किंमत नेहमी हातावर पोट असलेल्या माणसालाच अधिक मोजावी लागते.

आधी खरा अर्धा भाग पाहू. धावत्या वाहनात गतिज ऊर्जा असते. साधा ब्रेक ती घर्षणाने उष्णतेत बदलतो आणि ती उष्णता हवेत विरून जाते. विजेच्या मोटारीची गोष्ट वेगळी आहे. तिला वीज दिली की ती चाक फिरवते. उलट चाकाने तिला फिरवले की ती वीज निर्माण करते. मायकेल फॅरडे यांनी 1831 मध्ये शोधलेले हे तत्त्व आहे. चालकाने वेग कमी केला की वाहनातील नियंत्रक मोटारीचे काम पालटतो. मोटार जनित्र होते, बॅटरीकडे वीज पाठवते आणि वीज निर्माण करताना चाकाला होणारा विरोध वाहनाचा वेग कमी करतो.

या तत्त्वाचे मोठे उदाहरण दिल्लीकरांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. दिल्ली मेट्रोची पहिली गाडी 24 डिसेंबर 2002 रोजी शाहदरा ते तीस हजारी या मार्गावर सुरू झाली. स्थानक जवळ आले की मेट्रोच्या मोटारी वीज निर्माण करतात. ती वीज वरच्या तारेत जाते आणि त्याच मार्गावर वेग घेणारी दुसरी गाडी ती वापरते. 2004 ते 2007 या काळात अशा रीतीने 11 कोटी 25 लाख युनिट वीज परत मिळाली आणि सुमारे 90 हजार टन कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन टळले. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या योजनेतून कार्बन क्रेडिट मिळवणारा हा जगातील पहिला रेल्वे प्रकल्प ठरला.

मग दुचाकीवरही एवढाच लाभ का होऊ नये? येथे थोडे गणित करावे लागते. चालकासह 200 किलो वजनाची दुचाकी ताशी 45 किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा एका युनिटाच्या सुमारे 230 व्या भागाइतकी असते. चाक, मोटार, नियंत्रक आणि बॅटरी या वाटेवर काही ऊर्जा गळते. काही भाग साध्या ब्रेकमध्ये जातो. निम्मी ऊर्जा परत आली असे धरले आणि एका युनिटात गाडी तीसेक किलोमीटर जाते असे मानले, तरी एकदा थांबल्याने जेमतेम साठ-सत्तर मीटरांची सोय होते. मेट्रोच्या गाडीचे वजन प्रचंड, पोलादी चाकांचा घर्षणविरोध कमी आणि थांबे ठरलेले. दुचाकीची बरीच ऊर्जा मात्र हवेचा आणि रस्त्याचा विरोध तोडण्यातच संपते. ती ब्रेकने परत मिळत नाही.

आणखी काही मर्यादा लक्षात ठेवाव्यात. बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर परत येणारी वीज घ्यायला तिच्यात जागा नसते. वेग अगदी कमी झाला की वीजनिर्मिती जवळपास थांबते. शिवाय दुचाकीची मोटार बहुधा मागचे चाक फिरवते आणि ब्रेक लावताना भार पुढच्या चाकावर येतो. म्हणून अचानक थांबायचे असेल, तेव्हा साध्या ब्रेकला पर्याय नाही. ‘मोटार थांबवीलच’ या भरवशावर ब्रेकची देखभाल टाळणे जिवावर बेतू शकते.

तर मग हे तंत्र निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. थेंबे थेंबे तळे साचे, हे येथेही खरे आहे. दिवसभरात शेकडो वेळा थांबणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. ब्रेकची झीजही कमी होते. पण दूरवरचा लाल दिवा पाहून आधीच वेग सोडणारा चालक या तंत्राचा लाभ घेतो; शेवटच्या क्षणी करकचून ब्रेक दाबणारा तो गमावतो. त्याहून मोठी बचत मुळात विनाकारण वेग न वाढवण्यात आहे, कारण वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे : विक्रेत्याने गाडी विकताना तिचे गुण जेवढ्या उत्साहाने सांगावेत, तेवढ्याच स्पष्टपणे तिच्या मर्यादाही सांगाव्यात. आणि ग्राहकाने प्रश्न विचारायला संकोचू नये. हप्त्यांवर गाडी घेणाऱ्या माणसाला रात्री घरापासून दूर बॅटरी संपल्यावर जाहिरातीतील वाक्य घरी पोहोचवत नाही. डायनामोने आपल्याला शिकवलेला धडा तोच आहे : वीज कोठून येते हे ज्याला कळते, तोच तिचा हिशेब नीट ठेवू शकतो.