खिडकी बदलण्यापूर्वी

पावसाळ्यापूर्वी कौले सारखी करावयाची आणि चवथीपूर्वी घराला रंग काढावयाचा, हा गोव्यातील गृहस्थाचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. अलीकडे त्यात खिडक्या बदलण्याची भर पडली आहे. शिंपल्यांच्या तावदानांच्या जुन्या लाकडी खिडक्या जाऊन तेथे ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या येत आहेत. हा बदल सुंदर की कुरूप, याविषयी मतभेद होऊ शकेल. परंतु खिडकीशेजारी मुकाट्याने उभ्या असलेल्या धोक्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

आमच्या जुन्या घरांत वीज आली ती घर बांधल्यावर कित्येक वर्षांनी. साहजिकच खांबावरील तार जेथे सोयीचे वाटले तेथे, अनेकदा खिडकीच्या माथ्याजवळच, भिंतीत शिरली आणि मीटरची पेटी चौकटीला खेटून बसली. चौकट उखडताना पहार लागते, भिंतीला हादरे बसतात आणि पंधरा-वीस वर्षे ऊन-पाऊस खाल्लेले तारेचे आवरण तडकते. त्यातच आमची चिऱ्याची भिंत पाणी शोषून घेते. ओल्या भिंतीतून वीज वाहू शकते.

'मेन स्विच बंद केला, आता भय कसले?' असे पुष्कळांना वाटते. हा समज घातक आहे. मेन स्विच बंद केल्याने त्याच्या पुढची वीज जाते. खांबापासून मीटरपर्यंतची तार आणि खुद्द मीटर जिवंतच राहतात. घरात इन्व्हर्टर असल्यास भिंतीतल्या काही ताराही जिवंत राहतात. खिडकी मीटरजवळ असेल तर खांबावरूनच जोडणी तोडून घेणे हाच खरा उपाय. ते काम वीज खात्याच्या लाईनमनचे. गवंड्याचे अथवा सुताराचे नव्हे. त्यानंतरही परवानाधारक वायरमनकडून तार मृत असल्याची खात्री करून घ्यावी. ॲल्युमिनियमची शिडी व लांब चौकट तारेखालून उभी नेऊ नये. ड्रिल यंत्र शेजारच्या घरातून वीज घेऊन चालवावयाचे झाल्यास तेथे ३० मिलिॲम्पिअर गळतीला तुटणारे संरक्षक उपकरण असावे. साधा एमसीबी तारेला वाचवितो; माणसाला वाचवीलच असे नाही.

यात नियम नाहीत असेही नव्हे. घराजवळून जाणाऱ्या उघड्या तारेचे आडवे अंतर किमान १.२ मीटर असावे आणि तारांजवळच्या इमारतीत फेरफार करावयाचा झाल्यास मालकाने व कंत्राटदाराने आधी लेखी सूचना द्यावी, असे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होते. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही हे दंडक कायम राहिले. परंतु नियमांचे पुस्तक कचेरीत आणि शिडी भिंतीला, असा आपला कारभार आहे.

या बेपर्वाईची किंमत मोजतो कोण? बहुधा घरमालक नव्हे. मोजतो तो शिडीवर चढलेला कामगार, ज्याला 'हे आजच संपव' असे बजावलेले असते. चवथ तोंडावर आलेली, कंत्राटदाराला दुसऱ्या घरी जाण्याची घाई, आणि खात्याकडे अर्ज करून दोन दिवस थांबण्याचा सर्वांनाच कंटाळा. आपण त्याला मजुरी देतो ती खिडकी बसविण्याची. त्याचा जीव त्या व्यवहारात मोडत नाही.

वीज खात्यानेही याचा विचार करावयास हवा. चवथीपूर्वीच्या महिन्यात तात्पुरती जोडणी तोडण्याचे अर्ज त्वरित निकालात काढण्याची सोय प्रत्येक उपविभागात झाली, तर लोकांना नियम पाळणे सोपे जाईल. सरळ वाट अडलेली असली की माणूस आडवाटेने जातो.

दोन दिवस पंख्याविना काढणे कठीण नाही. या भूमीतल्या कित्येक पिढ्यांनी चवथ समईच्या उजेडात साजरी केली आहे. नवी खिडकी चार दिवस उशिरा बसली म्हणून गणरायाचे आगमन अडत नाही.