संगणक ‘नाही’ म्हणतो तेव्हा



आमच्या शेजारी एक काकू राहतात. दोन वर्षांमागे यजमान वारले. वारसाचा फेरफार झाला, सात-बारावर काकूंचे नाव चढले आणि पी. एम. किसानच्या वर्षाच्या सहा हजार रुपयांसाठी त्यांनी नव्याने अर्ज भरला. पैसे काही येईनात. तालुक्याला जायचे, तिथल्या एका केंद्रावर रांगेत उभे राहायचे, अंगठा लावायचा आणि शेवटच्या एस. टी. ने परत यायचे, असे तीनदा झाले. परवा ओसरीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “तीन डाव अंगठा देल्ला बापा, तरी ते कम्प्युटर नाहीच म्हनते. त्याची माह्याशी काय दुस्मनी हाय?”

काकूंचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. संगणक हो किंवा नाही कशाच्या आधारावर म्हणतो, हे कळले तर आपल्यापैकी पुष्कळांच्या खेपा वाचतील. ते समजून घ्यायचे तर आधी तर्कशास्त्राकडे वळले पाहिजे. घाबरू नका, सुरुवात आपल्या वाशीमपासूनच करू.

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. चौथ्या-पाचव्या शतकात वाकाटक राजांच्या एका शाखेची ही राजधानी होती. याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळा नंबरचे लेणे खोदवून घेतले. तसा शिलालेखच तिथे आहे. पुढे सातव्या शतकात ह्युएन त्संग हा चिनी प्रवासी महाराष्ट्रात आला. त्याने डोंगरातल्या एका विहाराचे वर्णन लिहून ठेवले आहे, ते अजिंठ्याशी जुळते. तो म्हणतो की, दिङ्नाग नावाचा आचार्य या विहारात पुष्कळदा मुक्कामाला असे. हा दिङ्नाग म्हणजे भारतातल्या थोर तर्कपंडितांपैकी एक.

हे पंडित काय करीत? वाद घालीत, पण बांधावरच्या भांडणासारखा नव्हे. वादाला नियम होते. गौतमाच्या न्यायसूत्रांत त्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांचे नेहमीचे उदाहरण असे: त्या डोंगरावर विस्तव आहे. कशावरून? धूर दिसतो म्हणून. जिथे धूर तिथे विस्तव, जसे आपल्या घरची चूल. या डोंगरावरही तसाच धूर आहे. म्हणून तिथे विस्तव आहे. पाचही पायऱ्या पक्क्या असतील तरच समोरच्याने ऐकायचे. दिङ्नागाने पुढे जाऊन नऊ घरांचा एक तक्ताच केला. कारण कुठे लागू पडते आणि कुठे पडत नाही, याचे नऊ प्रकार. त्या नवांतले दोनच खरे कारण ठरतात, बाकीचे सात बाद. माणसाच्या बोलण्यातला खरेखोटेपणा तक्त्यावर टाकून पाहता येतो, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

आणखी एक गोष्ट त्यांनी हेरून ठेवली होती. लांबून धूर दिसतो खरा, पण तो धूरच आहे की वाफ, की धुके? कार्तिकात पहाटे तुरीच्या शेतावर पांढरा पट्टा दिसतो, त्यावरून कोणी ‘तिथे विस्तव आहे’ म्हणाला तर त्याच्या तर्कात खोट नाही. खोट आहे ती पाहण्यात. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी कामास येईल.

तिकडे ग्रीस देशात ॲरिस्टॉटलने याहून आधी तर्काचे नियम लिहिले होते आणि युरोपात दोन हजार वर्षे तेच चालले. त्यात मोठी उलथापालथ केली जॉर्ज बूल या इंग्रज गृहस्थाने. बाप चांभारकाम करणारा, घरची गरिबी. बूल कॉलेजात गेला नाही, गणित घरीच शिकला आणि पुढे कॉलेजात प्राध्यापक झाला. १८५४ साली त्याने ग्रंथ लिहून दाखवून दिले की तर्क हासुद्धा गणितासारखा मांडता येतो. खरे असेल तिथे १ लिहा, खोटे असेल तिथे ०. मग ‘आणि’ म्हणजे गुणाकार. १ गुणिले १ बरोबर १. पण दहा एकांमध्ये एक जरी शून्य आले तरी सगळा गुणाकार शून्य.

बूलची बायको मेरी ही एव्हरेस्ट शिखराला ज्याचे नाव दिले त्या जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी. आपल्या नवऱ्याच्या विचारांवर भारतीय विचारांची छाया होती, असे तिने पुढे लिहून ठेवले. ते वाचून आपली छाती फुगते. पण बाईंच्या शब्दापलीकडे भक्कम पुरावा लागतो, आणि पुराव्याविना मान्य करू नका, हे तर आपल्याच न्यायशास्त्राने शिकवले. तेव्हा ते तिथेच ठेवू.

बूलचे गणित ऐंशीएक वर्षे कागदावरच होते. मग क्लॉड शॅनन आला. हा अमेरिकेतल्या एका लहान गावातला पोरगा. लहानपणी त्याने काटेरी तारेच्या कुंपणाचा उपयोग करून मित्राच्या घरापर्यंत तारयंत्र जोडले होते. (आपल्याकडच्या पोरांनी हा उद्योग करू नये. आपल्या कुंपणाला कोणी चोरून वीज सोडली असेल याचा नेम नाही.) १९३७ साली, एकविसाव्या वर्षी, त्याने परीक्षेसाठी प्रबंध लिहिला. त्यात त्याने सांगितले की विजेच्या बटणाच्या चालू आणि बंद या दोन स्थिती १ आणि ० अशा मांडता येतात. म्हणजे बूलचा तर्क तारा आणि बटणे जोडून करता येतो!

हे आपल्या विहिरीवरच पाहा ना. मेन स्विच चालू आणि स्टार्टर चालू, तरच मोटार फिरते. दोन्ही एकाच रस्त्यात आहेत, एक बंद तर सगळे बंद. हा झाला ‘आणि’. घराला पुढचे दार आहे, मागचे दार आहे, दोन्हीकडे घंटीचे बटण आहे. पुढचे दाबा किंवा मागचे, घंटी वाजणारच. हा ‘किंवा’. टाकीत फ्लोट बसवला असेल तर टाकी भरलेली नाही तोवर मोटार चालते, भरली की बंद. हा ‘नाही’. संगणकाच्या पोटात याहून वेगळे काही नाही. याच तीन शब्दांची कोट्यवधी बारीक बटणे, नखाएवढ्या चकतीवर. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत कोट्यवधी वेळा उघडझाप करतात. पण विचार म्हणाल तर एकही करीत नाही.

या कामात आपल्या मुलखाचाही हात लागला आहे. डॉ. विजय भटकर यांचा जन्म १९४६ साली मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा या गावी झाला. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होते, वेगळा जिल्हा झाला तो १९९८ साली. अमेरिकेचा महासंगणक भारताला मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम’ महासंगणक उभा राहिला. एका यंत्रावर सगळा भार न टाकता काम वाटून द्यायचे, सोयाबीन सोंगायला एका माणसाऐवजी आख्खी टोळी शेतात उतरवावी तसे, ही त्यामागची युक्ती. मात्र टोळीतल्या प्रत्येकाला तीच तीन वाक्ये ठाऊक: आणि, किंवा, नाही.

आता काकूंकडे येऊ. पी. एम. किसानच्या यंत्राला काकू भल्या की बुऱ्या, विधवा की सधवा, हे ठाऊक नाही. त्याला माणसांनी अटी घालून दिल्या आहेत. जमिनीची नोंद जोडलेली आहे आणि ई-केवायसी झालेली आहे आणि बँकेचे खाते आधारला जोडलेले आहे, तर पैसे सोडा. मी मोबाइलवर काकूंच्या अर्जाची स्थिती काढली. जमीन, हो. ई-केवायसी, हो. खाते, नाही. एक गुणिले एक गुणिले शून्य!

काकूंनी तीनदा अंगठा दिला तो ई-केवायसीसाठी, आणि ती तर पहिल्याच खेपेला झाली होती. बूलच्या गणितात एक मजेचा नियम आहे: तीच गोष्ट दोनदा सांगितली काय नि दहादा सांगितली काय, ती एकच धरायची. एकाला एकाने कितीही गुणा, एकच येतो. पुढच्या दोन खेपांचे भाडे गेले ते या नियमापायी. शून्य पडले होते दुसरीकडे, आणि तिथे कोणी बोट ठेवले नाही. केंद्रावरचा मुलगा नुसते ‘नाही म्हणतो’ एवढेच सांगत होता.

काकू म्हणाल्या, “पन म्या बँकेत आधारची झेरॉक्स देल्ली होती ना!” हेच ते धुके, वाचकहो. झेरॉक्स फाइलला लागणे वेगळे आणि सरकारी रक्कम थेट जमा व्हावी म्हणून खाते आधारला जोडले जाणे वेगळे. लांबून दोन्ही सारखेच दिसते. दुसऱ्या दिवशी काकू बँकेत गेल्या, संमतीचा अर्ज भरून दिला, पोच घेतली. काही दिवसांनी खात्यापुढेही ‘हो’ आले आणि पुढच्या हप्त्याचे दोन हजार जमा झाले.

तुमच्याही घरी असा अडकलेला अर्ज असेल तर केंद्रावर ‘का नाही?’ असे विचारू नका, त्याचे उत्तर यंत्राजवळ नसते. ‘कोणती अट नाही?’ असे विचारा आणि ती कागदावर लिहून मागा. नावात फरक असेल तर तोही दाखवायला सांगा. विठ्ठल आणि विठ्ठलराव हा आपल्याला एकच माणूस, पण अक्षराला अक्षर लावून पाहणाऱ्या यंत्राला ते दोघे जण वाटू शकतात.

जाता जाता मुलांसाठी एक कोडे. जिन्याच्या दिव्याला दोन बटणे असतात, एक खाली, एक वर. खालचे दाबून दिवा लावायचा, वर जाऊन वरचे दाबून विझवायचा. मग ही जोडणी ‘आणि’ची की ‘किंवा’ची? दोन्ही बटणांच्या चारही स्थिती वहीत मांडून बघा. उत्तर पुढच्या अंकात.