बारावीनंतरची हॉकी

आमच्या चिकलठाण्याच्या गल्लीत एक गृहस्थ राहतात. औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतात. गेल्या रविवारी ते मुलीला घेऊन आले. हातात प्लास्टिकची फाइल होती. "काका, तुम्ही बँकेत होता, जरा कागद बघून द्या," म्हणाले. फाइलमध्ये शालेय हॉकी स्पर्धांची प्रमाणपत्रे होती. मुलगी बारावीला आहे. प्रश्न एवढाच होता : "हिनं पुढं खेळावं, का स्टिक माळ्यावर टाकावी?"

असा प्रश्न घरोघरी पडतो, कारण शाळा संपते तिथेच आखलेली वाटही संपते. शाळेत जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या ठरलेल्या असतात. जिल्हा क्रीडा कार्यालय स्पर्धा घेते, दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. लहान वयात निवड झालीच तर शासनाची क्रीडा प्रबोधिनी राहण्या-जेवणाची आणि शिक्षणाची सोय करते. फलटण तालुक्यातल्या शेतकरी घरची वैष्णवी फाळके पुण्याच्या प्रबोधिनीत घडली आणि २०२३ मध्ये हांगझूच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात खेळली.

पण प्रबोधिनीत न गेलेल्या मुलांचे काय? त्यांच्यासाठी महाविद्यालय हीच पुढची पायरी. तिथून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग विद्यापीठाचा संघ, पश्चिम विभाग आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. वयोमर्यादा साधारण १७ ते २५. २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही आल्या. कागदावर हे सारे ठीक आहे. मात्र या पायरीवर मुलाला हात देऊन वर घेणारे कोणी नसते. एखाद्या महाविद्यालयाचे क्रीडा संचालक धडपडे असले, तर ते चांगला खेळाडू हेरतात, प्राचार्यांना गळ घालून फी माफ करून घेतात. ते निवृत्त झाले की संघही निवृत्त होतो.

अमेरिकेत विद्यापीठांचे प्रशिक्षक शाळकरी मुलींचे हॉकी सामने बघत हिंडतात. खेळाडूशी कधीपासून बोलायचे याचेही नियम असतात आणि शिष्यवृत्ती किती ते लेखी कळते. तिथेही सगळ्यांचे भले होते असे नाही. पण तिथे प्रशिक्षक खेळाडूला शोधतो. इथे बाप फाइल घेऊन दारोदार फिरतो.

पूर्वी महाविद्यालयाचे एवढे अडत नसे. खडकीचे धनराज पिल्ले महाविद्यालयातून नव्हे, मुंबईच्या कंपनी-संघातून पुढे आले. रेल्वे, बँका, कारखाने खेळाडूंना नोकरी देत. आमच्या बँकेतही असे खेळाडू होते. दुपारी ते सरावाला गेले की काउंटरवर कुरकुर होई. मीही केली आहे. आज कळते, त्या नोकरीच्या भरवशावर कितीतरी बापांनी मुलांना खेळू दिले होते. तशी भरती आता आटली. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे खरे, पण त्यासाठी स्पर्धेचा दर्जा लागतो आणि विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी लागते. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे आपल्या मराठवाड्यातही गाजली. त्यामुळे खऱ्या खेळाडूकडेही आता संशयाने बघतात.

म्हणून महाविद्यालयांकडे एक मागणे आहे. प्रवेश सुरू होण्याआधी फलकावर स्पष्ट लिहा : खेळाडूंसाठी जागा किती, फी माफ किती, सामना आणि परीक्षा एकाच दिवशी आली तर काय करणार, दुखापतीचा खर्च कोण करणार. यातल्या फलकाला तर पैसाही लागत नाही. बँकेत आम्ही पाच हजारांच्या कर्जालाही अटी लिहून देत असू. इथे पोरगी आयुष्यातली तीन वर्षे देते आणि तिला तोंडी आश्वासनावर भागवावे लागते.

त्या गृहस्थांना मी हेच चार प्रश्न कागदावर लिहून दिले. "खेळू द्या, पण आधी विचारून घ्या," म्हटले. मुलगी इतका वेळ गप्प होती. चप्पल घालताना तिने विचारले, "काका, कॉलेजला मैदान आहे का, तेपण विचारू ना?"

माझ्या यादीत तो प्रश्न नव्हता. खरे तर तोच पहिला हवा होता.