रिक्षा आमची, रस्ता कुणाचा?

प्रायव्हेट गाइडेड टूर. टुकटुकमधून साइटसीइंग आणि शॉपिंग. अर्धा दिवस, इंग्रजी-हिंदी बोलणारा गाइड, पाण्याची बाटली फुकट. जयपूरच्या हॉटेलांच्या काउंटरवर असले चकचकीत कागद पडलेले असतात. कागदावर फेटेवाला म्हातारा, मिशा पिळून, हात जोडून उभा. मागं हवामहल, पुढं फुलापानांनी रंगवलेली रिक्षा. आता ही रिक्षा कोण? आपल्या वाळूजच्या कारखान्यातनं निघते त्यातलीच एक तीनचाकी. पण रिक्षा म्हटलं की साधं भाडं पडतं, टुकटुक म्हटलं की भाव चढतो. नाव थायलंडचं, इतिहास राजाचा, नफा दुकानदाराचा. घाम कुणाचा, ते मात्र कागदावर छापलेलं नाही.

मी ही टूर घेतली. मुद्दाम घेतली, पुरे पैसे मोजून घेतली. गेल्या हिवाळ्यात कामानिमित्त जयपूरला होतो, एक दिवस मोकळा होता. लिहितोय एवढ्याचसाठी की आपली पोरं, म्हंजे घरातली पहिली नोकरीवाली पोरं, सुट्टीत हेच करतात. उसना फेटा बांधून फोटो काढतात आणि वस्तीत येऊन सांगतात, ‘राजेलोकांची शान काय होती यार!’ माझं भांडण या शानशी आहे. फिरण्याशी नाही.

फिरण्याबद्दल आधी बोलून टाकू, नायतर कुणीतरी म्हणणार, ‘यांना गरिबाचं सुख बघवत नाही.’ दोस्तांनो, भाड्याच्या गाडीत बसणं आपल्याला कुणी आंदण दिलेलं नाही. १९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले. सरकारी समितीचे सभासद, परदेशच्या पदव्या, बॅरिस्टर. तरी टांगेवाले महाराला बसवून टांगा हाकायला तयार होईनात. तोड काय निघाली? टांगा भाड्यानं मिळेल, हाकणारा मिळणार नाही. मग वस्तीतल्याच एकानं लगाम हातात घेतला. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या फरशीत चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं. पुढं १९३४ साली तीसेक सहकारी मिळून वेरूळची लेणी बघायला निघाले, वाटेत दौलताबादचा किल्ला बघायला थांबले. धुळीनं माखलेल्या लोकांनी हौदावर हातपाय धुतले तर ‘धेडांनी पाणी बाटवलं’ म्हणून गलका झाला. शेवटी किल्ल्यात सोडलं ते हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन, आत कुठं पाण्याला शिवतात का ते बघायला. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. आपल्या वाट्याला आलेली गाइडेड टूर ती ही!

तेव्हा टुकटुकच्या मागच्या सीटवर ऐटीत बसा. पाय पसरून बसा. पण त्या सीटवर बसून राजाचा चष्मा डोळ्याला लावणार असाल, तर ते मोडलेलं हाड वाया गेलं म्हणायचं.

आता टूर कशी चालते ते ऐका. गाइड पोरगा चुणचुणीत होता. रिक्षा सुरू झाली तसं त्यानं विचारलं, ‘सर, पूरा नाम?’ आडनाव सांगितलं. मराठी आडनावावरनं त्याला काही उलगडेना. ‘मतलब, आप लोग कौन?’ म्हटलं, ‘जयभीमवाले.’ तो जरा थांबला, ‘अच्छा, अच्छा’ म्हणाला, आणि विषय राजाकडं वळवला.

राजानं १७२७ साली शहर वसवलं. राजानं वेधशाळा बांधली. राजानं १७९९ साली हवामहल बांधला, त्याला ९५३ खिडक्या. चार तास ऐकलं, प्रत्येक वाक्यात कर्ता राजाच. फार तर नकाशा काढणाऱ्या विद्याधर भट्टाचार्याचं एकदा नाव येतं. अरे, राजाच्या हातात कधी थापी होती का? चुना कुणी मळला, दगड कुणी वाहिला, महालातला मैला पहाटे कुणी डोक्यावरनं बाहेर नेला? त्या ९५३ खिडक्या तरी कशाला? जनान्यातल्या बायांनी मिरवणूक बघावी आणि त्यांना कुणी बघू नये म्हणून. म्हंजे बाई कोंडायची जाळी. तिच्यासमोर आपल्या पोरी हसून सेल्फी काढतात आणि गाइड म्हणतो, ‘वाह!’

बरं, गुलाबी रंग. लोकांना वाटतं दगडच गुलाबी. १८७६ साली इंग्लंडचा युवराज येणार म्हणून शहराच्या भिंतींना रंगाचा हात मारला. परक्या साहेबापुढं केलेली रंगरंगोटी, तिलाच आज परंपरा म्हणायचं. २०१९ साली युनेस्कोनं या शहराला जागतिक वारशाचा शिक्का दिला. वारसा कबूल. पण वारस कोण, ते कधी विचारायचं?

सिटी पॅलेसमध्ये दोन चांदीचे रांजण ठेवलेत. एकेकात सुमारे ३४५ किलो चांदी, पोटात हजारो लिटर पाणी मावतं. गाइडचा आवाज इथं चढतो : ‘वर्ल्ड रेकॉर्ड है, सर!’ १९०२ साली सवाई माधोसिंग लंडनला गेला. कशाला? ज्याच्यासाठी शहर रंगवलं होतं तोच युवराज आता सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसत होता, त्याच्या राज्यारोहणाला. साहेबापुढं वाकायला धर्माची आडकाठी नव्हती. साहेबाच्या देशातलं पाणी प्यायला मात्र होती. म्हणून गंगाजल चांदीत भरलं आणि बोटीवर चढवलं.

आमच्या माणसांना ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं आणि परतताना डोकी फोडून घ्यावी लागली. राजाच्या पाण्याला बोटीत जागा, आमच्या ओंजळीला तळ्यात नाही. म्हणाल, जुनं झालं. मग याच जयपूर जिल्ह्यातलं, फागी तालुक्यातलं चकवाडा गाव घ्या. तिथल्या तळ्यावर बैरवा समाजाला सवर्णांच्या घाटावर उतरायची बंदी होती. डिसेंबर २००१ मध्ये दोघांनी त्या घाटावर आंघोळ केली, तर गावानं त्यांच्या समाजावर बहिष्कार घातला. दोन हजार एक! रांजण बघायला तिकीट काढतात. चकवाड्याच्या तळ्याचं नाव गाइडच्या तोंडात येत नाही. पाण्याची अर्धी गोष्ट सांगणं म्हंजे सरळ खोटं बोलणं.

मग टूरचा दुसरा अर्धा भाग. शॉपिंग. इथं ‘प्रायव्हेट’ या शब्दाचं कातडं सोलून निघतं. प्रायव्हेट म्हंजे काय? गाडीत दुसरं कुणी नाही एवढंच. रस्ता आपला नसतो, दुकानाचा असतो. मी ड्रायव्हरला चहा पाजला तेव्हा त्यानं हिशोब सांगितला. रिक्षा मालकाची, रोजचं भाडं मालकाला. गॅस याचा. टूरच्या पैशातला मोठा वाटा बुकिंग करणाऱ्याला. उरतं त्यात घर चालत नाही, म्हणून दुकानाचं कमिशन. गिऱ्हाईकानं जेवढी खरेदी करावी तेवढा टक्का. ‘आप कुछ मत लेना, बस दस मिनिट अंदर बैठना,’ असं तो म्हणाला. त्याच्या घरची भाजी माझ्या दहा मिनिटांवर ठरणार होती. याला धंदा म्हणतात! दुकानदार मजुरी देत नाही, टूरवाला मजुरी देत नाही. दोघं मिळून ड्रायव्हरच्या हातात गिऱ्हाईकाची मान देतात आणि सांगतात, तूच काप.

आणि बदनाम कोण? तोच. जयपुरात अशा दलालांना ‘लपका’ म्हणतात. पर्यटकांना त्रास देणाऱ्या दलालांविरुद्ध राजस्थाननं २०१० साली कायदासुद्धा केला. कायदा असावा. पण रस्त्यावर दंडुका पडतो तो खाकी शर्टातल्या रिक्षावाल्यावर. एसीत बसून कमिशन वाटणाऱ्याला कुणी लपका म्हणत नाही, त्याला शेठ म्हणतात.

दुकान कसं असतं? खाली ‘फॅक्टरी’, वर शोरूम. खाली एक म्हातारा छिपा लाकडी ठसा घेऊन बसवलेला. पर्यटक आला की तो कापडावर हत्ती उमटवतो. एक रंग, दुसरा रंग, तिसरा. टाळ्या पडतात. पुढचा पर्यटक, पुन्हा हत्ती. सांगानेर-बगरूची ही कारागिरी. तिचा जाणकार माणूस दिवसभर हत्ती उमटवायला लावून दारातला द्वारपाल केलाय. ‘चाचा, चादर बनवायला किती दिवस लागतात? तुम्हाला काय मिळतं?’ असं विचारलं. तो बोलायच्या आत सेल्समन म्हणाला, ‘सर, ऊपर चलिए, ऊपर.’

मोजडी बघा. कातडं कमावणं ज्यांच्या माथी मारलं ती रैगर माणसं, शिवणारे मोची नि जीनगर. ढोराचं कातडं ओढलं म्हणून ज्यांना वेशीबाहेर ठेवलं, त्यांच्याच हातची चीज लाल गादीवर मांडून ‘रॉयल मोजडी’ म्हणून विकतात. रॉयल! कातडं शिवलं की बाटलं, पाटी बदलली की शाही झालं. आपल्याकडं कोल्हापुरी चपलेचं काय वेगळं चाललंय? शिवणाऱ्याची बोटं झिजतात आणि बिलावर नाव शोरूमचं.

लाखेच्या बांगड्या तर विचारूच नका. मनिहारांच्या गल्लीत निखाऱ्यावर लाख वळवणारे कसबी हात आहेत, त्यांना सलाम. पण याच शहरातल्या बांगड्यांच्या कारखान्यांतनं बिहारहून आणलेली लहान लहान पोरं धाडी घालून सोडवावी लागलीत. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. कोंदट खोलीत बसून खडे चिकटवणारी पोरं. ती आपल्याच मागल्या दाराची पोरं आहेत. बांगडी घासाघीस करून दहा रुपये कमी केली म्हणून हसताना हे आठवा.

शेवटचा थांबा स्टॅच्यू सर्कल. जयसिंगाचा संगमरवरी पुतळा, फोटो काढा. मी गाइडला म्हटलं, ‘दुसरा पुतळा दाखव. हायकोर्टातला.’ तो समजला, पण म्हणाला, ‘वो पॉइंट पॅकेज में नहीं है, सर.’

नसणारच. राजस्थान हायकोर्टाच्या जयपूरच्या आवारात १९८९ साली मनूचा पुतळा बसवला. संविधानाची शपथ घेतलेल्या न्यायाधीशांच्या दारात मनू! ओरड झाली, त्याच साली न्यायाधीशांच्या बैठकीनं पुतळा काढायचा ठराव केला, त्याला आव्हान दिलं गेलं, स्थगिती आली, आणि मनू जागेवरच राहिला. कोर्टाजवळच्या चौकात आंबेडकर सर्कल आहे, तिथं बाबासाहेबांचा पुतळा. बाबासाहेब रस्त्यावर, मनू आवारात. या देशाचा नकाशा इतका सरळ कुठंच काढलेला सापडायचा नाही. ज्याची स्मृती २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळली, तो इथं दगडाचा होऊन बसलाय. ८ ऑक्टोबर २०१८ ला तेव्हाच्या औरंगाबादेहून गेलेल्या दोन बायांनी त्या आवारात शिरून मनूच्या तोंडाला काळं फासलं आणि अटक करून घेतली. जयपूर पहावं कसं, हे मला विचाराल तर मी त्या दोन बायांकडं बोट दाखवीन. त्यांना ना गाइड लागला, ना पॅकेज.

आता शहाणे म्हणतील, ‘फिरायला गेल्यावरही जात काढता?’ आम्ही काढली? नाव पुरं विचारलं कुणी? रांजण कुणी भरला? मनू कुणी उभा केला? जात तिथं दगडात, चांदीत, कातड्यात, पाण्यात भरलेली आहे. आम्ही फक्त बोट ठेवतो तर तुमचा मूड जातो!

दुसरे म्हणतील, ‘कमिशन बंद झालं तर गरीब ड्रायव्हर मरेल.’ नाही मरणार, मजुरी द्या. टूर ठरवतानाच त्याला सांगा : दुकान एकही नाही, तुझ्या दिवसाचे पुरे पैसे माझ्याकडून. त्याच्याशी पन्नास रुपयांवरनं हुज्जत घालू नका. मॉलमध्ये घालता का? घ्यायचंच असेल तर बनवणाऱ्याच्या ओट्यावर जाऊन घ्या, त्याचं नाव विचारा, भाव पाडू नका. गाइडला प्रश्न विचारा. दर महालापाशी एकच : ‘भाई, हे कुणी बांधलं?’ राजाचं नाव सांगितलं की पुन्हा विचारा. दहा जणांनी विचारलं की अकराव्याला तो स्वतःहून सांगायला लागेल. त्यालाही पोट आहे, गिऱ्हाईकाला काय हवं ते तो शिकतो. आज त्याला राजा विकायला शिकवलंय, कारण मागणी राजाचीच आहे.

आणि थांब्यांची यादी आपली आपण लिहा. आंबेडकर सर्कल. हायकोर्टाचं फाटक. मोजडी शिवणाऱ्यांची वस्ती. जमलं तर चकवाड्याचं तळं. हवामहलही बघा, आपल्याच बापजाद्यांनी उचललेला चुना आहे तो, पोटभर बघा.

हाकणारा मिळाला नाही म्हणून ज्या माणसानं पाय मोडून घेतला, त्याची आपण लेकरं. आज गाडी मिळते, हाकणाराही मिळतो. मग कुठं वळायचं ते दुकानदारानं का सांगावं?